घरचा कुत्रा गेल्यानंतर दुसरा कुत्रा आणताना

घरातला कुत्रा गेला तरी पुढचे काही आठवडे हातांना ते कळत नाही. चपात्या करताना शेवटची छोटी चपाती बिनतुपाची वेगळी काढली जाते, बाहेरून आल्यावर दार आधी फटीएवढेच उघडले जाते आणि पहाटे साडेपाचला वडील पट्ट्यासाठी खुंटीकडे हात नेतात. आमचा मोती तेरा वर्षे आमच्याबरोबर राहून मूत्रपिंडांच्या आजाराने गेला, तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी निम्मी माणसे म्हणाली, ‘लगेच दुसरा आणा, म्हणजे विसरायला होईल’, आणि उरलेली म्हणाली, ‘आता पुन्हा ही माया लावून घेऊ नका.’ दोन्ही सल्ले प्रेमापोटीच होते. पण दुसरा कुत्रा कधी आणावा, कोणता आणावा आणि आणल्यावर त्याच्याशी कसे वागावे, या तीन प्रश्नांना त्यांतून उत्तर मिळत नाही. ती उत्तरे टप्प्याटप्प्याने शोधावी लागतात, आणि पहिला टप्पा बहुतेकांना अनपेक्षित असतो: गेलेल्या कुत्र्याची डॉक्टरांकडची फाइल काढून पुन्हा वाचणे.

आधी फाइल वाचावी

ही फाइल उघडणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही ती उघडावी, कारण कुत्रा कशाने गेला यावर नवा कुत्रा घरात कधी सुरक्षित राहील हे अवलंबून असते. वार्धक्य, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार, कर्करोग, अपघात यांपैकी काही कारण असेल, तर घराच्या बाजूने थांबण्याचे कारण नाही. थांबायचे ते फक्त माणसांच्या मनासाठी. संसर्गजन्य आजाराने गेला असेल, तर मात्र मन तयार असले तरी घर तयार नसते.

सर्वांत चिवट आजार पार्व्होचा. त्याचा विषाणू घरात काही महिने आणि बागेतल्या सावलीच्या, ओलसर मातीत वर्षभरही तग धरू शकतो. पार्व्होने पिल्लू गेल्यावर आठ-दहा दिवसांत हौसेने दुसरे पिल्लू आणले आणि तेही तसेच रक्ताचे जुलाब होऊन गेले, असे प्रसंग घडतात, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे असतात. नेहमीचे फिनाइल या विषाणूवर भरवशाचे नाही. फरशी, टाइल्स, प्लॅस्टिकचे पिंजरे, स्टीलची भांडी हे सर्व आधी साबणाने स्वच्छ धुवावे, कारण घाण तशीच राहिली तर ब्लीचचा प्रभाव पडत नाही. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण, म्हणजे एक लिटर पाण्याला सुमारे ३० ते ३५ मिलिलिटर, लावून पृष्ठभाग निदान दहा मिनिटे ओला ठेवावा आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. टाइल्ससाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि तो माणसांच्याही जिवावर बेतू शकतो. गोधड्या, सतरंज्या, कापडी खेळणी टाकून देणे उत्तम. अंगणातली माती ब्लीचने शुद्ध होत नाही. तिथे कडक ऊन लागू द्यावे आणि पुढचे पिल्लू त्या मातीवर सोडू नये. अशा घरात लसीकरण पूर्ण झालेला प्रौढ कुत्रा आणणे सर्वांत शहाणपणाचे. पिल्लूच हवे असेल, तर त्याच्या लसींचा पूर्ण क्रम दुसरीकडे पार पडल्यावर ते आणावे.

डिस्टेंपरचा विषाणू तुलनेने नाजूक असतो. तो शरीराबाहेर फार काळ टिकत नाही, त्यामुळे नीट स्वच्छता आणि काही आठवड्यांचा खंड पुरतो. लेप्टोस्पायरोसिसने कुत्रा गेला असेल, तर उंदीर आणि साचलेले पाणी यांचा बंदोबस्त आधी करावा. हा आजार उंदरांच्या मूत्रातून ओल्या मातीत आणि पाण्यात पसरतो, माणसांनाही होतो, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्याचा धोका विशेष असतो.

गोचीडतापाकडे मात्र लोक फार दुर्लक्ष करतात, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. कुत्र्याच्या अंगावर दिसतात तेवढ्याच गोचिडी घरात आहेत, असे समजणे चुकीचे आहे. पोट भरलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा पलंगाच्या सांध्यात हजारो अंडी घालते. तिची पिल्ले आणि वाढलेल्या गोचिडीही अन्नावाचून कित्येक महिने राहू शकतात. म्हणजे कुत्रा जाऊन तीन महिने झाले, घर शांत आहे, आणि तरीही नवा कुत्रा आला की आठवड्याभरात त्याच्या कानांमागे आणि पायांच्या बोटांमध्ये गोचिडी दिसू लागतात. आमच्याकडे मोतीच्या जुन्या खाटेच्या चौकटीमागे, जिथे पट्टी भिंतीला टेकत असे, तिथे राखाडी मोहरीसारखे दाणे चिकटलेले सापडले होते. टॉर्च धरल्यावर त्यांतले दोन हळूहळू सरकू लागले. तेव्हा भेगा सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवाव्यात, जाणकाराकडून फवारणी करून घ्यावी, दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी आणि औषध पूर्ण वाळल्याशिवाय कोणतेही जनावर आत घेऊ नये.

गेलेल्या कुत्र्याला रेबीज असल्याचा संशयसुद्धा असेल, तर नव्या कुत्र्याचा विचार बाजूला ठेवून त्याची लाळ ज्यांच्या जखमेला, डोळ्यांना किंवा तोंडाला लागली असेल त्या सर्वांनी त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. या आजाराची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नसतातच.

घरच्यांचे मत, आणि जुन्या वस्तूंची वाटणी

दुःख संपण्याची तारीख ठरलेली नसते. कुणाला पंधरवड्यात घर खायला उठते आणि कुणाला दोन वर्षे रस्त्यावरच्या पिल्लाकडे बघवत नाही. दोन्ही खरे असते. माझ्या मते पाहायची गोष्ट एकच आहे: आपल्याला कुत्रा हवा आहे की आपला गेलेला कुत्रा परत हवा आहे. दुकानात किंवा फोनवर फोटो पाहताना नजर सतत तोच रंग, तशीच कपाळावरची पांढरी रेघ, तसेच एक कान पडलेले शोधत असेल, तर आणखी थांबावे. येणारे जनावर त्या अपेक्षेला पुरे पडू शकत नाही, आणि त्याचा त्यात काही दोष नसतो.

घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे, विशेषतः ज्याच्यावर रोजचे काम पडणार आहे त्याला. बऱ्याच घरांत मुले हट्ट करतात, वडील आणतात आणि सगळे आईच्या गळ्यात पडते. सकाळचे फिरवणे कोण करणार, दुपारी घरी कोण असणार, गावी जाताना त्याला कुठे ठेवणार, डॉक्टरांचा खर्च कोण उचलणार, हे नावानिशी ठरवून कागदावर लिहावे. आजी-आजोबांना ‘सरप्राइज’ म्हणून पिल्लू आणून देऊ नये. पंच्याहत्तरीच्या माणसाला पिल्लू म्हणजे पायात अडखळवणारी आणि रात्री तीनदा उठवणारी जबाबदारी असते. त्यांना सोबत हवीच असेल, तर सहा-सात वर्षांचा शांत कुत्रा अधिक मानवतो.

लहान मुलांशी मृत्यूबद्दल स्पष्ट शब्दांत बोलावे. ‘तो झोपला’ असे सांगितलेले मूल स्वतःच्या झोपेला घाबरू शकते, आणि ‘तो शेतावर राहायला गेला’ असे सांगितलेले मूल नवा कुत्रा आल्यावर विचारते की हा आला, मग तो का येत नाही. आपल्याकडे ‘देवाघरी गेला’ म्हणतात. ते जरूर म्हणावे, पण त्याचे शरीर थकले होते, औषधांनी बरे होण्यासारखे नव्हते आणि तो आता परत येणार नाही, हेही जोडून सांगावे. आमच्या मुलीने मोतीचा पट्टा आपल्या कपाटात ठेवायला मागितला. आम्ही तो दिला, आणि तो नव्या कुत्रीच्या गळ्यात कधी घातला नाही.

बाकीच्या वस्तूंची वाटणी व्यवहाराने करावी. आजार संसर्गाचा नसेल, तर स्टीलची भांडी, पिंजरा, साखळी उकळत्या पाण्याने धुऊन खुशाल वापरावी. उरलेली औषधे मात्र नव्या कुत्र्यासाठी राखून ठेवू नयेत: मात्रा वजनावर ठरते, काही जातींना ठरावीक जंतनाशके बाधतात, आणि कुत्र्यांच्या गोचिडींसाठी वापरली जाणारी परमेथ्रिनयुक्त औषधे घरातल्या मांजरासाठी प्राणघातक ठरू शकतात. महापालिकेकडे जुन्या कुत्र्याचा परवाना असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज द्यावा आणि नव्याच्या नावाने नवा घ्यावा.

कोणता कुत्रा, कुठून

गेलेला कुत्रा आला तेव्हा आपण किती वर्षांचे होतो, हे मोजून पाहावे. मोती पिल्लू म्हणून आला तेव्हा वडील नोकरीत होते आणि तिसऱ्या मजल्यावरून त्याला उचलून खाली नेत असत. तेरा वर्षांनी ते सत्तरीत होते आणि गुडघे बोलू लागले होते. जुन्या कुत्र्याच्या शेवटच्या वर्षांतला शांत दिनक्रम डोळ्यांसमोर ठेवून पिल्लू आणणाऱ्यांची मोठी गफलत इथेच होते. त्यांना पिल्लाच्या पहिल्या वर्षाचा विसर पडलेला असतो. म्हणून प्रौढ, दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचा आकार, आवाज, माणसांविषयीची भीती किंवा लोभ समोर दिसत असतो, आणि त्याला फरशीवर शी-शू न करण्याची सवयही लवकर लागते.

गावठी कुत्रा आपल्या हवेत मुरलेला असतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो; तिथे दाट केसांचा हस्की किंवा सेंट बर्नार्ड पाळणे म्हणजे त्याला वर्षातले चार महिने एसीच्या खोलीत कोंडणे होय, आणि चपट्या नाकाच्या पगला तर साध्या उकाड्यातही धाप लागते. तांबी, आमची आताची कुत्री, एका प्राणिमित्र बाईंकडून आली. तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तिच्या कानाला व्ही आकाराची खाच होती. ही खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, आणि त्या वेळी सहसा रेबीजची लसही दिलेली असते. तरी कागद नसेल तर लस पुन्हा देणेच योग्य.

विशिष्ट जातीचे पिल्लू विकत घ्यायचे असेल, तर २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागावा, आणि पिल्लू त्याच्या आईजवळ पाहावे. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून, किंवा रस्त्याच्या कडेला गाडीत पिल्लू आणून देणाऱ्याकडून, ते घेऊ नये. आठ आठवड्यांची अट कागदापुरती नाही: आईच्या आणि भावंडांच्या सहवासात पिल्लू दात किती जोरात लावायचे हे शिकते, आणि लवकर तोडलेले पिल्लू पुढे कडकडून चावते. एकमेकांना सोबत म्हणून एकाच वेळी दोन भावंडे आणण्याचा मोहही टाळावा, कारण ती एकमेकांत गुंततात आणि माणसांकडून शिकणे मागे पडते.

सोसायटीत कुत्र्याला मनाई असल्याचे सांगितले गेले, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. कुत्रा पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्या सांगतात. त्याच सूचना मालकाने स्वच्छता राखावी आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देऊ नये असेही सांगतात, आणि तेही तितकेच मनापासून पाळावे.

येण्याआधीचा आठवडा

जुना कुत्रा घराला सरावलेला होता, म्हणून आपण बेफिकीर झालेलो असतो. टीव्हीमागच्या वायरी लोंबकळत असतात, चपला दारात असतात, बाल्कनीच्या गजांतून मोतीचे डोके जात नव्हते पण पिल्लाचे जाते. गुडघ्यांवर बसून, कुत्र्याच्या उंचीवरून एकदा सगळे घर पाहावे. कण्हेर, डिफेनबाकिया, सायकस ही झाडे विषारी असतात, ती हलवावीत. उंदरांचे औषध घरात अजिबात नको.

स्वयंपाकघरात घरच्या सर्वांना एक यादी तोंडपाठ असावी. कांदा आणि लसूण कच्चे, शिजवलेले किंवा मसाल्यातून गेलेले, कुठल्याही रूपात कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतात. म्हणून उरलेले पोहे, आमटी-भात, मटणाचा रस्सा देऊ नये. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि नाशिक-सांगलीकडच्या घरांत तर ती हंगामात सहज खाली सांडलेली असतात. चॉकलेट, दारू, शुगरफ्री च्युइंगममधले झायलिटॉल आणि शिजवलेली कोंबडीची हाडे यांचाही यादीत समावेश करावा. ‘आमच्या मोतीने सगळे खाल्ले, त्याला काही झाले नाही’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे, आणि नव्या कुत्र्यासाठी तेच सर्वांत धोक्याचे असते.

पशुवैद्यकाची वेळ आधीच घ्यावी. पिल्लांना साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होची संयुक्त लस सुरू होते, ती दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने किमान सोळा आठवडे वय होईपर्यंत पुन्हा दिली जाते, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना मिळते आणि वर्षाने बूस्टर. आईच्या दुधातून आलेले संरक्षण लसीच्या आड येत असते, म्हणून पहिल्या एका लसीवर निर्धास्त राहता येत नाही. सोळा आठवड्यांचा क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लू अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जमिनीवर सोडू नये, पण त्याला कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, शाळकरी मुलांचा गलका, पावसाळी छत्र्या हे सर्व मात्र याच वयात दाखवावे. प्रौढ कुत्रा आणला असेल, तर गोचीडतापासाठी रक्ततपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी. वरवर धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातही तो दबा धरून असतो.

घरात दुसरे जनावर उरले असेल तर

मागे राहिलेल्या कुत्र्यालाही सोबती गेल्याचे कळते. तो दारापाशी पडून राहतो, जेवण अर्धे टाकतो, रात्री जुन्या जागा हुंगत फिरतो. त्याचे खाणे-फिरणे पूर्ववत झाल्याशिवाय नवा कुत्रा आणू नये, आणि दोन-तीन दिवसांत त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर दुःख समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे, कारण दुःखाच्या आड आजारही लपलेला असतो.

नव्या कुत्र्याची डॉक्टरांची तपासणी होऊन दहा ते चौदा दिवस जाईपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत ठेवणे उत्तम. त्या दिवसांत एकाच्या अंगाला पुसलेले फडके दुसऱ्याच्या अंथरुणाजवळ ठेवावे, म्हणजे ओळख नाकाने आधी होते. प्रत्यक्ष भेट घरात नव्हे, मोकळ्या मैदानावर घडवावी: दोघांना दोन माणसांनी ढिल्या पट्ट्याने, वीसएक पावलांच्या अंतरावरून एकाच दिशेने चालवावे आणि अंतर हळूहळू कमी करावे. समोरासमोर थांबवून ‘बघ, तुझा भाऊ आला’ म्हणत तोंडे जवळ आणणे ही भांडणाची तयारी असते. घरात भांडी, अंथरुणे आणि खेळणी वेगळी ठेवावीत, जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्यावे. जुना गुरगुरला तर त्याला रागावू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा येतो.

मांजर असेल, तर तिला कुत्र्याची उडी पोहोचणार नाही अशी उंच जागा आणि एक बंद खोली राखून ठेवावी, आणि पहिले काही आठवडे कुत्र्याला घरातही पट्ट्यानेच फिरू द्यावे.

पहिला दिवस, पहिली रात्र, पहिले महिने

दिवस निवडताना गणपती, दिवाळी, लग्नसराई टाळावी. ढोल-ताशांच्या किंवा फटाक्यांच्या आवाजात नव्या घरात पाऊल टाकलेला कुत्रा त्या घरालाच घाबरतो. सलग तीन-चार दिवस सुटी असेल असा दिवस घ्यावा. गाडीतून उतरल्यावर त्याला आधी शी-शूच्या जागी न्यावे, ते उरकेपर्यंत शांत उभे राहावे, आणि मगच वर आणावे. दारात औक्षण करण्याची आपली रीत गोड आहे, पण ताम्हणातली ज्योत आणि भोवती उभी असलेली दहा माणसे पाहून बिचारा अंग चोरतो. करायचेच असेल तर एकाच माणसाने, दुरून, क्षणभर करावे आणि कुंकू डोळ्यांपासून लांब ठेवावे.

त्याला एक कोपरा द्यावा, पण तो गेलेल्या कुत्र्याचा नसावा, असे माझे मत आहे. आम्ही मोतीची जागा, बाल्कनीच्या दाराजवळची, मोकळी ठेवून तांबीची गोधडी आतल्या खोलीत घातली होती. पहिले दोन दिवस ती वॉशिंग मशीनमागून बाहेरच आली नाही. कुकरची शिट्टी झाली की तिचे कान डोक्याला चिकटायचे, आणि मशीन व भिंत यांमधल्या अंधारातून फक्त दोन डोळे आणि पुढच्या पंजाची पांढरी टोके दिसायची. आईने पाण्याचा वाडगा तिथेच सरकवला आणि पाठ करून ती शेंगा सोलत बसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ओले नाक तिच्या कोपराला लागले. आईने वळून पाहिले नाही, शेंगा सोलणे चालूच ठेवले. घाबरलेल्या कुत्र्याला ओढून बाहेर काढण्याऐवजी असे पाठमोरे बसणे, डोळ्यांत न पाहणे आणि वरून डोक्यावर हात न नेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

पहिल्या रात्री पिल्लू रडते. त्याला दूर कोंडून ‘रडून रडून गप्प होईल’ असे करू नये. पलंगाशेजारी खोक्यात ठेवावे आणि हात खाली सोडावा. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून येईल तितके तास ते लघवी रोखू शकते, असा ढोबळ हिशेब आहे, म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लासाठी तीन तासांनी गजर लावावा. आत घाण केली तर नाक घासू नये, वर्तमानपत्राने मारू नये. वास पूर्ण जाईल असे पुसावे आणि पुढच्या वेळी आधी बाहेर न्यावे.

पहिला आठवडा तो आधी जे खात होता तेच द्यावे, आणि नंतर सात दिवसांत थोडे थोडे मिसळत नवे अन्न आणावे. चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा जेवण पुरते. नव्या कुत्र्याला किमान पहिले दोन-तीन महिने पट्ट्याशिवाय मोकळे सोडू नये, आणि गळ्यात फोन नंबर कोरलेली पट्टी पहिल्या दिवसापासून असावी. घाबरलेला कुत्रा हिसका देऊन पळाला, तर त्याला परतीची वाट माहीत नसते. जुना कुत्रा मोकळा फिरून परत यायचा, ही आठवण इथे कामाची नाही.

लसीचा इतिहास ठाऊक नसलेल्या पिल्लाचा दात खेळतानाही लागून कातडी फाटली, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद-चुना लावू नये. ‘पिल्लूच तर आहे’ हा समज जिवावर उठलेला आहे. पिल्लांनाही रेबीज होतो.

तीन दिवसांत कुत्रा श्वास घेतो, तीन आठवड्यांत दिनक्रम ओळखतो आणि तीन महिन्यांत घर आपले मानतो, असा एक ठोकताळा प्राणिमित्र सांगतात. तो काटेकोर नाही, पण धीर देणारा आहे. याच काळात माणसांच्या मनात एक वेगळी गोष्ट घडते, आणि तिची आधी कल्पना दिलेली बरी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, नवलाई ओसरल्यावर, गेलेल्याचे दुःख पुन्हा उसळून येते. ‘मोती कधी चपला कुरतडत नव्हता’, असे शब्द तोंडातून निघतात. मोती कुरतडत होता. पहिल्या वर्षी त्याने वडिलांच्या कोल्हापुरीचा एक पाय पार चघळून टाकला होता, पण तेरा वर्षांनी ते कुणाला आठवत नव्हते. ही तुलना सुरू झाली की जुन्या कुत्र्याचे पहिल्या वर्षाचे फोटो काढून पाहावेत. रडू आले तर रडावे, फक्त नव्या कुत्र्यावर चिडू नये.

नाव नवे ठेवावे, आणि ते ऐकायला जुन्यापेक्षा निराळे असावे. मोतीनंतर ज्योती ठेवू नये. आई तांबीला बरेच महिने चुकून ‘मोत्या’ म्हणे आणि मग ओशाळून गप्प बसे. आम्ही तिला सांगितले की नाव चुकले तरी हरकत नाही, लगेच ‘तांबी’ म्हणायचे आणि हातातला तुकडा द्यायचा. कुत्रीला त्या दोन हाकांतले दुःख कळत नव्हते. तिला तुकडा कोणत्या हाकेनंतर मिळतो तेवढे कळत होते, आणि त्यामुळे तिचे नाव तिला लवकर पक्के झाले.

इतके सर्व करूनही दोन-तीन महिन्यांत घर आणि कुत्रा यांचे जुळले नाही, तो चावू लागला किंवा घरातल्या कुणाला त्याची सतत धास्ती वाटू लागली, तर आधी डॉक्टरांकडून दुखणे नाही याची खात्री करून मग जाणकार प्रशिक्षकाची मदत घ्यावी. ज्यांच्याकडून कुत्रा आणला त्यांना मोकळेपणाने सांगावे. दत्तक देणारी जबाबदार माणसे तो परत घेतात किंवा दुसरे घर शोधून देतात. त्याला रस्त्यावर मात्र कदापि सोडू नये.

आणि पहिल्या भेटीतच डॉक्टरांकडून नव्या नावाची स्वतंत्र फाइल सुरू करून घ्यावी. जुन्या फाइलच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहू देऊ नये. आमच्याकडे मोतीची फाइल मुलीच्या कपाटात पट्ट्याशेजारी आहे. तांबीची फ्रिजवरच्या टोपलीत असते, रेबीजच्या वार्षिक लसीची तारीख तिच्या पहिल्या पानावर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे लिहिलेली आहे, आणि त्या दिवशी डॉक्टरांकडे तिला वडील घेऊन जातात.